‘पाणी पिणारे’ इंजिन : निफाड परिसरातील एका निदानाचा इतिहास

१

निफाड तालुक्यात जुनी जीप, जुना ट्रॅक्टर किंवा जुनी मालमोटार बाळगणाऱ्या माणसाशी त्या वाहनाविषयी बोलू लागले म्हणजे दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले, ‘गाडी तापते’. दुसरे, ‘गाडी पाणी पिते’. पहिले वाक्य तक्रारीच्या सुरात येते. दुसरे मात्र बहुतेक वेळा नुसती माहिती म्हणून सांगितले जाते. ‘हा बैल कडबा जास्त खातो’ असे ज्या सुरात सांगावे, त्याच सुरात. वस्तुतः या दोहोंपैकी दुसरे वाक्यच अधिक गंभीर आहे. मोटारीच्या इंजिनातील पाणी हे त्याचे खाद्य नव्हे. इंजिनाभोवतीच्या पोकळीतून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून पुन्हा इंजिनात, असे तेच पाणी फिरत राहावयाचे असते. ते रोज कमी होत असेल तर कोठून तरी बाहेर पडत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग रोगाचे लक्षण हे स्वभावाचे वर्णन कसे होऊन बसले? प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, हा वाक्प्रचार अज्ञानातून जन्मलेला नाही. या परिसरातील लोकांच्या परिचयाची तीन यंत्रे विचारात घेतली, म्हणजे रेल्वेचे वाफेचे इंजिन, विहिरीवरचे ऑइल इंजिन आणि मोटार, तर पहिल्या दोहोंच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होता. तिसऱ्याच्या बाबतीत तो प्रारंभी अर्धा खरा होता आणि पुढे खोटा ठरला. यंत्र बदलले, परंतु क्रियापद बदलले नाही. त्याचे परिणाम केवळ भाषेपुरते राहिले नाहीत. चुकीच्या निदानामुळे कित्येक इंजिनांचे आयुष्य घटले. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषेचा आहे, यंत्रांचा नव्हे. तथापि शब्द आणि वस्तू यांची फारकत झाली म्हणजे व्यवहारात काय घडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा हाती लागत नाही, म्हणून हा प्रयत्न.

२

मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला. १८६५ मध्ये थळ घाटातील मार्ग खुला झाला आणि निफाड, लासलगाव या स्थानकांवरून मनमाडकडे जाणारा मार्ग मुंबईशी सलग जोडला गेला. निफाडच्या शेतकऱ्याने जवळून पाहिलेले पहिले मोठे इंजिन ते हेच, असे मानावयास हरकत नाही. या इंजिनात पाण्याची वाफ होते, ती वाफ दट्ट्या ढकलते आणि काम झाल्यावर धुराड्यातून बाहेर निघून जाते. गेलेली वाफ परत येत नाही. म्हणून हजारो गॅलन पाणी बरोबर वाहून न्यावे लागे, आणि ते संपत आले की स्थानकावर थांबून पुन्हा भरावे लागे. ‘इंजिन पाणी पिते’ हे येथे अलंकारिक विधान नव्हते. शिवाय बॉयलरमधील पाण्याची पातळी भट्टीच्या माथ्याखाली गेली तर स्फोटाचे भय असे. त्यामुळे ‘आधी पाणी’ हा चालकाचा पहिला धडा होता. मुंबईकडून येणारी विजेची गाडी १९३० पर्यंत इगतपुरीस पोहोचली, परंतु त्यापुढे निफाडवरून जाणाऱ्या गाड्या नंतरही कित्येक वर्षे वाफेवरच धावत होत्या. अर्थात पाणी पिणारे इंजिन या भागातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर दीर्घकाळ राहिले.

दुसरे यंत्र शेतात आले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने बांधण्यास प्रारंभ केला होता. १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. गोदावरी व कादवा यांच्या काठी वसलेल्या आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांच्या या मुलखात, वीज येण्यापूर्वी आणि आल्यावरही बराच काळ, विहिरीवरच्या उपशासाठी ऑइल इंजिन हाच मोठा आधार होता.

या इंजिनाला थंड ठेवण्याची एक फार साधी रीत होती. पंपाने वर आलेल्या पाण्यातील एक बारीक धार इंजिनाच्या पोकळीतून नेत आणि दुसऱ्या बाजूने ती पाटात सोडून देत. शेतकरी त्या धारेखाली हात धरून इंजिनाची प्रकृती जाणत असे. धार कोमट असेल तर सर्व ठीक. चटका बसू लागला तर इंजिनावर भार अधिक आहे किंवा नळीत गाळ अडकला आहे. दुसऱ्या रीतीत शेजारी पाण्याचे पिंप ठेवीत. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने पिंपात जाई आणि थंड पाणी खालच्या नळीने इंजिनात येई. या पिंपातले पाणी वाफ होऊन घटे आणि त्यात भर घालावी लागे. दोन्ही रीतींत इंजिनाला सतत नवे पाणी देणे हे निरोगी इंजिनाचेच लक्षण होते. रेल्वेने दिलेला शब्द शेतीने असा पक्का केला.

३

मोटार या परिसरात याच काळात रुजली. १९४८ पूर्वी रस्त्यांवर खाजगी सर्व्हिस मोटारी धावत. १ जून १९४८ रोजी पुणे ते तत्कालीन अहमदनगर या मार्गावर पहिली एसटी सुटली. १९४७ मध्ये महिंद्रांनी जीपगाड्यांच्या जुळणीस आरंभ केला होता. टाटांचा डायम्लर-बेन्झशी करार १९५४ चा, आणि इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या उत्पादनासाठी भारतात कंपनी उभी राहिली ती १९६३ मध्ये. मुंबई-आग्रा रस्ता याच तालुक्यातील ओझर आणि पिंपळगाव बसवंत येथून जातो. त्यामुळे कसारा घाट चढून आलेल्या मालमोटारी येथील लोकांच्या नित्य परिचयाच्या होत्या.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. त्या काळच्या मोटारी खरोखरच थोडेफार पाणी पीत. कित्येक जुन्या इंजिनांत पाणी फिरवावयास पंपच नसे. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ गाडीत, अगदी प्रारंभीची काही वाहने सोडली तर, पाणी केवळ उष्णतेने हलके होऊन फिरत असे. अशा रचनेत पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की अभिसरणच थांबते; म्हणून वारंवार पाणी घालणे तेथे शहाणपणाचे होते. शिवाय जुन्या रेडिएटरची झाकणे दाब धरून ठेवणारी नसत. घाटाच्या चढणीवर पाणी उकळे आणि वाफ बाहेर पडे. घाटमाथ्यावर गाडी उभी करावयाची, बॉनेट उघडावयाचे आणि क्लीनरने डब्याने पाणी आणून ओतावयाचे, हा क्रम एका पिढीच्या अंगवळणी पडला, तो निष्कारण नव्हे.

पुढे दाब धरणारी झाकणे आली आणि या सवयीचा आधार गेला. निफाड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. येथे उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. दर चौरस इंचास ७ पौंड दाब धरणारे झाकण असेल तर तेच पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, झाकणाची स्प्रिंग थकली असेल तर निरोगी इंजिनातील पाणीही चढणीवर उकळू शकते. म्हणजे ‘उकळणे’ आणि ‘बिघाडाने तापणे’ या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन, झाकण धड असून पाणी रोज घटत असेल तर त्यास वाफेचे कारण पुरत नाही आणि गळती शोधणे क्रमप्राप्त होते. जुन्या वाक्प्रचारात हा भेद व्यक्त करण्याची सोय नाही. ‘पिते’ म्हटले की कर्ता इंजिन होते आणि गळतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

४

‘तापणे’ या क्रियापदाविषयीही असेच म्हणता येईल. मोल्सवर्थच्या कोशात ‘ताप’ या शब्दाखाली उष्णता आणि ज्वर हे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. तवा तापतो, ऊन तापते, अंग तापते, इंजिनही तापते. हे क्रियापद अकर्मक असल्यामुळे तापविणारा कोण, हे त्यातून कळत नाही. निदानाचे काम येथूनच सुरू होते. चांगला मिस्त्री ‘इंजिन तापते’ या वाक्याचे ‘इंजिनाला अमुक गोष्ट तापवते’ असे प्रयोजक रूपांतर करीत असतो. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, सुटे भाग इंग्रजी नावांनी आले, परंतु बिघाड शोधण्याची रीत पाहिली तर ती आपल्या वैद्यकातील निदानपद्धतीशी आश्चर्यकारकपणे जुळते. येथे ऐतिहासिक संबंध सुचवावयाचा नाही. केवळ विवेचनाच्या सोयीसाठी आयुर्वेदातील निदानपंचकाचा आधार घेतला आहे. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती ही ती पाच अंगे होत.

हेतू म्हणजे वाहनाचे पूर्ववृत्त. जुन्या वाहनाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे, कारण असे वाहन क्वचितच मूळ स्थितीत असते. अनेक पेट्रोल जीपगाड्यांत मागाहून डिझेल इंजिने बसविली गेली, पण रेडिएटर मात्र जुनाच राहिला. द्राक्षबागेतील ट्रॅक्टर मंद गतीने चालत फवारणीचा पंखा ओढतो; भार पूर्ण, समोरून वारा मात्र नाही, आणि रेडिएटरच्या जाळीत धूळ, पाला व औषधाचा थर साचलेला. वाहन कोणत्या कामास जुंपले जाते, हे विचारल्यावाचून पुढे जाणे व्यर्थ होय.

पूर्वरूप म्हणजे तापण्याआधीच्या खुणा. चढणीवर ताकद कमी पडू लागणे, काटा पूर्वीपेक्षा किंचित वर स्थिरावणे, पंपाच्या खालच्या भोकाशी गंजाचा ओघळ दिसणे, या गोष्टी महिनोन् महिने आधी दिसतात.

रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षण, आणि त्यात ‘केव्हा’ हा प्रश्न मुख्य. गाडी उभी असता किंवा सावकाश चालता तापते आणि वेगात निवते, तर दोष वाऱ्याचा : पंखा, ढिला पट्टा किंवा बुजलेली जाळी. उलट, सावकाश ठीक राहते पण वेगात अथवा भाराखाली तापते, तर दोष बहुधा पाण्याच्या वाहण्याचा : रेडिएटरच्या आतील नळ्या क्षारांनी बुजल्या आहेत, पंपाची पाती झिजली आहेत, किंवा खालची रबरी नळी मऊ पडून ओढीने आत दबते आहे. सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढतो, तर थर्मोस्टॅट मिटलेला राहिला, आत हवा अडकली, किंवा हेडचे गॅसकेट उडाले, अशा शंका घ्याव्या लागतात. इंधनाचे अथवा ठिणगीचे टाइमिंग मागे पडणे आणि ब्रेक धरून राहणे ही कारणे पाण्याशी संबंधित नसल्यामुळे पुष्कळदा विसरली जातात.

काट्यावर आंधळा विश्वासही ठेवता येत नाही. पाणी इतके घटले की तापमान जाणणारा भाग उघडा पडला, तर काटा खाली राहतो आणि इंजिन जळत असते.

उपशय म्हणजे उपाय करून पाहणे आणि त्याच्या गुणावरून रोग ओळखणे. इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, रेडिएटरवरून सांभाळून हात फिरविला आणि मधला एखादा पट्टा थंड लागला, तर तेथील नळ्या बुजल्या आहेत. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात टांगावा आणि पाणी तापवावे; त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, बहुधा ८० च्या पुढेमागे, तो उघडला पाहिजे. येथेही एक जुनी सवय आड येते. उष्ण देशात थर्मोस्टॅट हवा कशाला, असे म्हणून तो काढून टाकण्याचा प्रघात पडला. परंतु निफाड हे महाराष्ट्रातील कडाक्याच्या थंडीसाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण. येथील गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात ५ अंशांखालील तापमानाच्याही नोंदी झालेल्या आहेत. अशा पहाटे थर्मोस्टॅटवाचून इंजिन दीर्घकाळ थंड राहते, इंधन अधिक जळते आणि सिलिंडर झिजतात. इतकेच नव्हे, तर काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यास पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरते आणि गाडी उलट अधिक तापते.

पाचवे अंग संप्राप्ती, म्हणजे रोग कोणत्या क्रमाने वाढत गेला याचे ज्ञान. हे अंग हाती लागले नाही तर दुरुस्ती टिकत नाही. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

५

काही वर्षांपूर्वी, डिसेंबर महिन्यात, निफाडजवळच्या एका गॅरेजमध्ये प्रस्तुत लेखक शब्दसंग्रहासाठी बसला असता एक वृद्ध शेतकरी जुनी जीप घेऊन आले. दुसरीकडे रेडिएटर आणि पंप दोन्ही बदलून झाले होते, तरी गाडी तापतच होती. मिस्त्रींनी बॉनेटला हात लावण्याआधी प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला.

“नाना, पाणी रोज टाकता का आठ दिसांनी?”

“रोज सकाळी. अर्धा लिटर पिती. पहिल्यापासून पितीच ती.”

“आन् सकाळी चालू केल्यावर धूर कसा येतो?”

“पांढरा. पण थंडी हाये ना आता. समद्याच गाड्यांचा येतो.”

हे शेवटचे उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. निफाडच्या थंडीत प्रत्येक गाडीच्या नळीतून पहाटे पांढरी वाफ निघते आणि इंजिन तापल्यावर ती थांबते. सिलिंडरमध्ये पाणी झिरपत असेल तर ती थांबत नाही. येथील हवामानाने एका लक्षणावर पांघरूण घातले होते. मिस्त्रींनी थंड इंजिनाचा रेडिएटर काठोकाठ भरला, पंख्याचा पट्टा उतरविला आणि झाकण उघडे ठेवून इंजिन थोडाच वेळ चालविले. पाणी कोमट होण्यापूर्वीच त्यातून बुडबुडे येऊ लागले. पाणी उकळून आलेले हे बुडबुडे नव्हते. सिलिंडरातला जळका वायू पाण्यात शिरत होता. हेड उघडले तेव्हा गॅसकेट एका बाजूस जळालेले होते. हेडच्या पृष्ठावर सरळ पट्टी ठेवताच ते वाकल्याचे दिसले, आणि पाण्याची भोके पांढऱ्या, दगडासारख्या कठीण थराने निम्म्याहून अधिक बुजलेली होती.

संप्राप्ती येथे उघड झाली. विहिरीच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात. पाणी तापले की ते तप्त पृष्ठभागावर थर धरतात. इंजिनात एकदाच भरलेल्या पाण्यातील क्षार एकदाच बसतात आणि तेथे प्रक्रिया संपते. परंतु रोज अर्धा लिटर नवे पाणी घातले तर रोज नवे क्षार आत जातात. हा थर उष्णता नीट वाहू देत नाही. त्यामुळे हेड ठिकठिकाणी अधिक तापते, वाकते, गॅसकेट उडते, पाणी आणखी घटते आणि मालक आणखी पाणी घालतो. म्हणजे ‘पाणी पिते’ असे समजून केलेला उपचारच रोग वाढवीत होता. रेडिएटर आणि पंप बदलणाऱ्यांनी ‘तापते’ हे वाक्य ऐकले होते. ‘पिते’ हे वाक्य त्यांनी ऐकून सोडून दिले होते. मिस्त्रींनी नुसते गॅसकेट बदलले नाही. हेडचे पृष्ठ घासून सपाट करविले, भोके साफ केली आणि यापुढे विहिरीचे पाणी न घालता गंजरोधक कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरावे, असे सांगितले.

याच संदर्भात दोन जुन्या सवयींचा निर्देश आवश्यक आहे. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले तर दाबाखाली असलेले पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. तप्त इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर हेड अथवा ब्लॉक तडकतो. बॉयलरच्या चालकाचा ‘आधी पाणी’ हा धडा येथे घातक ठरतो. आधी भार काढावयाचा, मग निवू द्यावयाचे आणि मगच पाण्याचा विचार करावयाचा.

६

आजच्या नव्या वाहनांत तापमान, इंधन आणि टाइमिंग यांची माहिती स्कॅनरच्या पडद्यावर दिसते. त्यामुळे निदान सुलभ झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु पडद्यावर दिसते ते ‘रूप’. हेतू आणि संप्राप्ती विचारून आणि तपासूनच काढावी लागतात. आणि ज्या जीपगाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारी या तालुक्यात अद्याप राबत आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना जोडावयास स्कॅनरच नाही. त्यांचे निदान करणाऱ्या मिस्त्रींची पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांची विद्या पुस्तकांत नाही. ती प्रश्नांच्या रूपाने त्यांच्या बोलण्यात आहे.

भाषेच्या अभ्यासकांनी आजवर व्यवसायांच्या परिभाषा गोळा केल्या त्या बहुधा नामांच्या : अवजारे, भाग, साहित्य. वरील विवेचनावरून असे दिसते की, विद्येचे मर्म नामांपेक्षा क्रियापदांत अधिक असते, आणि चूकही तेथेच लपते. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी असे संग्रह करताना मिस्त्री काय विचारतात आणि मालक त्यास कोणत्या शब्दांत उत्तर देतो, हे दोन्ही जसेच्या तसे उतरून घ्यावे, अशी सूचना करावीशी वाटते. त्या डिसेंबरच्या सकाळी हिशेब चुकता करताना नानांनी पुन्हा एकदा विचारले, “आता किती पिईल?” मिस्त्री म्हणाले, “पिनार न्हाई. कमी झालं तर टाकू नका; पाणी गेलं कुठं, ते आधी बघा.”